पेन ड्राइव्हसारखी सिगारेट आणि भरपाईचा प्रश्न

या स्तंभासाठी आलेल्या पत्रांत मंगरूळपीर तालुक्यातील एका शिक्षकांचे पत्र आहे. त्यांच्या शाळेतून बारावी करून पुण्याला गेलेला एक विद्यार्थी दिवाळीत भेटायला आला, तेव्हा त्याच्या खिशातून एक चपटी, रंगीत, गोड वासाची वस्तू खाली पडली. गुरुजींना वाटले पेन ड्राइव्ह असेल. ती निघाली व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. गुरुजी दोन गोष्टी विचारतात. हा प्रकार खरोखर अपायकारक आहे काय? आणि अमेरिकेत अशा मुलांनी कंपनीवर दावे लावून भरपाई घेतली असे वर्तमानपत्रात वाचले, मग आपल्याकडच्या मुलांचे काय?

पहिला प्रश्न माझ्या विषयातला आहे. दुसरा वकिलांचा, पण त्याचे निम्मे उत्तर दवाखान्यातल्या केसपेपरवर अवलंबून असते, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो.

या यंत्रात तंबाखूचे पान जळत नाही. आत एक लहान बॅटरी, एक तापणारी तार आणि पातळ द्रव असतो. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे बारीक तुषार होतात आणि ते थेट फुप्फुसात जातात. पाहणाऱ्याला ती वाफ वाटते. प्रत्यक्षात ती पाण्याची वाफ नसून प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास-चवीची रसायने आणि निकोटीन यांचे धुके असते. आजचे हे यंत्र २००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक नावाच्या औषधनिर्मात्याने बनविले. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना मदत व्हावी, असा त्यामागचा हेतू सांगितला गेला. हेतू काहीही असो, पुढे ते कोणाच्या खिशात गेले हे आपण पाहतोच आहोत.

निकोटीन हे तंबाखूचे मूळ विष, आणि सवय लावणारे द्रव्यही तेच. श्वासातून घेतले की साधारण दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचते. तेथे डोपामीन नावाचे रसायन सुटते आणि क्षणभर बरे वाटते. मेंदू हा हिशेब लक्षात ठेवतो. काही आठवड्यांत निकोटीनशिवाय ‘बरे’ वाटेनासे होते. मग माणूस मजेसाठी ओढत नाही, अस्वस्थपणा घालविण्यासाठी ओढतो. वयाच्या साधारण पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालूच असते. लक्ष देणे, रागाला आवर घालणे, पुढचा विचार करणे ही कामे करणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो. कच्च्या मडक्यावर उमटलेला ठसा भाजल्यावर जात नाही, तसे या वयात लागलेले व्यसन खोल जाते. पंधराव्या वर्षी सवय लागलेला आणि पस्तिसाव्या वर्षी सवय लागलेला, या दोघांत सोडणे कोणाला जड जाते हे माझ्यासारख्या जुन्या डॉक्टरला विचारावे लागत नाही.

व्हेपच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे. साध्या सिगारेटचा पहिला झुरका घशाला झोंबतो, मुलगा खोकतो, डोळ्यांत पाणी येते. निसर्गाने ठेवलेला हा पहारेकरीच म्हणा ना. अमेरिकेतील जूल कंपनीने २०१५ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात निकोटीनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार वापरला होता. त्यामुळे घशाची जळजळ कमी झाली आणि भरपूर निकोटीन सहज आत जाऊ लागले. पहारेकऱ्याला झोपविले आणि चोर घरात शिरला. तिच्या एका लहानशा कुपीत ०.७ मिलिलिटर द्रव आणि सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटीन असे. एक कुपी म्हणजे जवळपास एक पाकीट सिगारेट, असे कंपनी स्वतःच सांगत असे. युरोपीय देशांनी दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. या कुपीतले प्रमाण त्याच्या जवळपास तिप्पट होते. त्यावर आंबा, पुदिना, फळांच्या चवी. आंब्याच्या चवीची सिगारेट पन्नाशीच्या माणसासाठी काढली असेल, हे कोणाला पटेल?

परिणाम आकड्यांत दिसला. अमेरिकेत नववी ते बारावीच्या मुलांत ई-सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, ते २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५ टक्के झाले. चार मुलांमागे एकाहून अधिक. कायद्याचा आणि समाजाचा दाब आल्यावर २०२४ मध्ये हेच प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. लाट परतवता येते, हेही यातून दिसते.

आता फुप्फुसांविषयी. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत धडधाकट तरुण मुले खोकला, धाप, छातीत दुखणे, ताप, उलट्या अशा तक्रारींनी रुग्णालयांत येऊ लागली. न्यूमोनिया समजून प्रतिजैविके द्यावीत, तर उतार नाही. दोन्ही फुप्फुसे पांढुरकी झालेली, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वास लागला. दुवा एकच निघाला, तो व्हेपचा. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. शोध घेता बहुतेकांनी गांजातील अमली द्रव्य असलेला, अनधिकृत बाजारातला द्रव ओढलेला आढळला. त्यात घट्टपणा आणण्यासाठी ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळलेले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्राव तपासला, तेव्हा ४८ जणांत हे तेलकट द्रव्य सापडले. पोटात गेले तर निरुपद्रवी, त्वचेला लावले तरी निरुपद्रवी, पण तापवून फुप्फुसात ओढले की घातक. ‘जीवनसत्त्वच तर आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे येणारा सगळाच माल चोरवाटेने येतो. त्यात काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे पाकीटभर सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण थांबवून व्हेप धरला, तर जळणाऱ्या तंबाखूतील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या शरीरात जात नाही, आणि तेवढा त्याचा अपाय कमी होतो. ब्रिटनमध्ये या कामासाठी त्याचा उपयोगही करतात. पण त्याच ब्रिटनने मुलांच्या हाती पडतात म्हणून, आणि कचरा साठतो म्हणूनही, एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली. ज्याने आयुष्यात बिडी ओढली नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाला ‘सिगारेटपेक्षा बरे’ हा युक्तिवाद लागू पडत नाही. त्याची तुलना सिगारेटशी करायची नसून स्वच्छ हवेशी करायची.

अमेरिकेतील दाव्यांची कथा

दावे अमेरिकेत नवे नाहीत. पूर्वी एकेकटा रुग्ण किंवा त्याची विधवा कंपनीवर दावा लावी आणि बहुतेक वेळा हरे. कंपनीचे उत्तर ठरलेले असे : पाकिटावर इशारा छापला होता, तरी याने स्वखुशीने ओढली. न्यू जर्सीतील रोझ सिपोलोन या बाईंचा खटला प्रसिद्ध आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या गेल्या. १९८८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या पतीला चार लाख डॉलर देवविले, पण तो निकाल वरच्या न्यायालयात टिकला नाही. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, पाकिटावरच्या इशाऱ्याचा मजकूर कायद्यानेच ठरवून दिल्यानंतरच्या काळासाठी ‘पुरेसा इशारा दिला नाही’ अशी तक्रार चालणार नाही. पुढे वर्षानुवर्षांच्या खर्चाने थकून कुटुंबाने दावा सोडून दिला.

मग वकिलांनी वाट बदलली. रुग्णाऐवजी राज्य सरकारे पुढे आली. गरिबांच्या तंबाखूजन्य आजारांवर सरकारी तिजोरीतून झालेला खर्च आम्हांला परत द्या, असा त्यांचा दावा होता. सरकारने काही सिगारेट ओढली नव्हती, त्यामुळे ‘स्वखुशीने ओढली’ हे उत्तर तेथे चालेना. नोव्हेंबर १९९८ मध्ये ४६ राज्यांशी तडजोड झाली आणि २५ वर्षांत किमान २०,६०० कोटी डॉलर देण्याचे कंपन्यांनी कबूल केले. उरलेल्या चार राज्यांनी आपापली तडजोड आधीच करून घेतली होती. पैशांहून मोलाची गोष्ट म्हणजे या खटल्यांतून कंपन्यांची आतली कागदपत्रे लाखोंच्या संख्येने उघड झाली.

जूलच्या बाबतीत मुले, पालक, शाळा आणि राज्ये असे सगळेच न्यायालयात गेले. मुलांच्या बाजूचे म्हणणे होते की यंत्राची घडणच सवय लावण्यासाठी होती, चवी आणि जाहिराती तरुणांना ओढण्यासाठी होत्या, आणि निकोटीन किती आहे याचा नीट इशारा दिला नव्हता. शाळा म्हणत, की मुलांची सवय सोडविण्यात आणि स्वच्छतागृहांवर पहारा ठेवण्यात आमचा पैसा गेला. येथे ‘स्वखुशी’चा युक्तिवाद लंगडा पडला, कारण अज्ञान मुलाच्या खुशीला कायदा फारशी किंमत देत नाही. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याशी चार कोटी डॉलरची तडजोड झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४३.८५ कोटी डॉलरची झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पाच हजारांहून अधिक दावे आणि सुमारे दहा हजार दावेदार यांच्याशी एकत्र समझोता जाहीर झाला. एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आदी सहा राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांना ४६.२ कोटी डॉलर मान्य झाले. सप्टेंबर २०२२ च्या तडजोडीत जाहिरातीत ३५ वर्षांखालील माणूस दाखवायचा नाही, अशीही एक अट आहे. कंपनीने गुन्हा कबूल केला, असे मात्र कोणी समजू नये. तडजोडीत तसे होत नसते. २०२५ मध्ये तंबाखू आणि मेंथॉल चवीच्या तिच्या मालाला तेथील अन्न-औषध खात्याने विक्रीची परवानगीही दिली.

आपल्याकडे काय?

आपण वेगळा मार्ग धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात यांवर संपूर्ण बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करू देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. निकोटीन नसलेले यंत्रही या व्याख्येत येते, ई-हुक्काही येतो. तेव्हा ‘यात निकोटीन नाही काका’ असे सांगणारा पोरगा एक तर फसला आहे, नाही तर फसवतो आहे.

आणि येथेच भरपाईची अडचण सुरू होते. दावा लावायचा तर समोर प्रतिवादी हवा. ज्या देशात माल उघड विकला जातो तेथे कंपनीचे नाव, पत्ता, बँकेतला पैसा, सारे काही सापडते. आपल्याकडे माल चोरून येतो, पावती नाही, बनविणारा समुद्रापार, विकणारा समाजमाध्यमावरचा एक टोपणनावाचा माणूस. अशाविरुद्ध पोलिसांत तक्रार होऊ शकते, पण भरपाई कोणाकडून वसूल करणार?

परवा रिसोडकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन दवाखान्यात आले होते. मुलगा एकोणीस वर्षांचा, पुण्यात शिकणारा, तीन आठवड्यांपासून खोकला आणि छातीत शिट्टी. लहानपणी थोडा दमा होता, तो मधली सात-आठ वर्षे गप्प होता. वडिलांना बाहेर चहा घ्यायला पाठविले, तेव्हा पोराने सांगितले की दिवसभर व्हेप हातात असतो, रात्री उशाशी ठेवून झोपतो. फोटोत फुप्फुसे बरी दिसली, प्राणवायूचे प्रमाण ठीक होते. दम्याची फवारणी आणि आठवडाभराचे औषध देऊन त्याला बरे वाटले. पुढे मुलाच्या परवानगीने वडिलांना सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, थे अमेरिकेतले लोक कंपनीवर केस करून पैसे घेते म्हणते. आपल्याले नाही का करता येत? सोयाबीन इकून पाठवलेला पैसा गेला ना यात.” मी त्यांना सांगितले, “भाऊ, पैसे परत मिळणे कठीण. पण विकणाऱ्याला पकडून देणे कठीण नाही.” तेव्हा पोरगा पहिल्यांदा वर पाहून बोलला : पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद आहे.

अशी नोंद हाच पुरावा. कुरिअरचे खोके, त्यावरचा पत्ता, बोलणे झाले तो संदेश, पैसे गेल्याची नोंद आणि ती वस्तू, एवढे जपून ठेवावे. या कायद्याखाली पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी झडती घेऊन माल जप्त करू शकतो. पालकांना भीती असते की आपलाच मुलगा गोत्यात येईल. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर, आणणाऱ्यावर आणि साठविणाऱ्यावर आहे. नुसते ओढल्याबद्दल त्यात शिक्षेचे कलम नाही.

ज्याच्या हातात व्हेप गेला तो मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर तक्रार नोंदविताना वय सांगायला विसरू नये. आणि वस्तू तंबाखूची असेल, तर आणखी एक कायदा हाताशी आहे, ज्याची आपल्या गावांत फारशी कोणाला माहिती नाही. बाल न्याय कायदा, २०१५, याचे कलम ७७. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. याच्या तुलनेत २००३ च्या तंबाखू कायद्यातील, अज्ञान मुलाला किंवा शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकल्याबद्दलचा दोनशे रुपयांचा दंड म्हणजे पानठेल्याच्या तासाभराच्या गल्ल्याएवढा. मुख्याध्यापकांनी हे कलम ७७ एका कागदावर लिहून शाळेसमोरच्या ठेल्यावर वाचून दाखविले, तरी पुष्कळ काम होईल असे मला वाटते.

खरे बोलायचे तर आपल्या जिल्ह्यात व्हेप अजून बाहेरगावी शिकणाऱ्यांच्या खिशातच येतो. आपले घरचे दुखणे खर्ऱ्याचे आहे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेला खर्रा आठवी-नववीच्या मुलाच्या तोंडात मी पाहतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखूचे सेवन करणारे निघाले. धूर ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली लढाई मुख्यतः तोंडातल्या तंबाखूशी आहे. सुपारीतील अर्कामुळे गालाच्या आतले अस्तर दोरीसारखे ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांत उभी घालून पाहा. जात नसतील तर डॉक्टरांना दाखवा. तिखट खाल्ल्यावर आग होणे ही त्याआधीची खूण. या अवस्थेतून पुढे काहींना कर्करोग होतो. सिनेमागृहात चित्रपटाआधी दिसणारा तो मुकेश आपल्याला आठवत असेल. तो भुसावळचा, गुटख्यापायी झालेल्या तोंडाच्या कर्करोगाने २००९ मध्ये वयाच्या २४ व्या वर्षी गेला.

खर्ऱ्याच्या बाबतीत तरी भरपाई मागता येईल काय? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, यात सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादक आणि विक्रेता यांना जबाबदार धरण्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. घडण सदोष असणे, पुरेसा इशारा नसणे ही कारणे त्यात आहेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो. पण त्याच कायद्यात असेही आहे की, जो धोका उघड आहे किंवा सर्वांना ठाऊक आहे त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही. एप्रिल २०१६ पासून पाकिटांच्या ८५ टक्के भागावर भयानक चित्रे छापली जातात. आम्ही डॉक्टर मंडळींनी ती चित्रे मागितली, आणि ती हवीतच. परंतु न्यायालयात तेच चित्र कंपनीची ढाल होते, ही त्यातली विचित्र गोष्ट. पन्नीतल्या खर्ऱ्यावर तर चित्रही नाही आणि कंपनीचे नावही नाही. घोटणारा हाच उत्पादक. त्याच्यावर लाखाचा हुकूम झाला तरी ठेल्यात वसूल काय होणार?

म्हणून महाराष्ट्रातील लढाई भरपाईऐवजी बंदीच्या वाटेने गेली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. एस.टी.त बिडी ओढणारा प्रवासी आज दिसत नाही, त्याची सुरुवात तेथे आहे. २००२ मध्ये राज्याने गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ती ऑगस्ट २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, कारण तेवढा अधिकार जुन्या भेसळ कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेला नाही असे ठरले. पुढे अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन घालता येणार नाही असे आले. त्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्यात पुन्हा बंदी झाली. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली. तेव्हापासून एकेका वर्षाचे आदेश निघत आले. गुटखा तरीही मिळतो, हे मी वाशिमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण दुकानासमोर टांगलेल्या माळा गेल्या आणि लहान मुलाला रुपयात पुडी मिळेनाशी झाली, एवढा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

दाव्याची वाट अगदीच बंद आहे असेही नाही. उद्या कोणी प्रयत्न केलाच, तर सर्वांत आधी विचारले जाईल ते हे : इजा याच वस्तूमुळे झाली कशावरून? आणि त्याचे उत्तर केसपेपरवर असते. व्यसन काय, किती दिवस, दिवसाला किती, हे डॉक्टर विचारतात तेव्हा मुले आईवडिलांसमोर ‘काही नाही’ म्हणतात आणि कागदावर तसेच उतरते. पुढे तोच कागद मुलाच्या विरुद्ध जातो. शिवाय खरे निदानही हुकते, ते वेगळेच. म्हणून पालकांनी दोन मिनिटे बाहेर थांबावे, मुलाला एकट्याने बोलू द्यावे, आणि जुने कागद, फोटो, औषधाच्या पावत्या एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवाव्यात. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो; स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आता सोडण्याविषयी, कारण घरी ज्यांचे पोर आहे त्यांना तेच हवे असते. निकोटीन बंद केले की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट जातात. चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे, पुस्तकात लक्ष न लागणे. तीन-चार आठवड्यांत हे बहुतांशी ओसरते. या दिवसांत मुलगा उर्मट झाला असे समजून घरात तमाशा करू नये. तो आजारी आहे असे समजून वागावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोडायला लावू नये, त्याआधी किंवा नंतरचा दिवस ठरवावा. तल्लफ साधारण पाच-दहा मिनिटे टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, बाहेर एक फेरी मारणे, बडीशेप चघळणे, कोणाला फोन लावणे, जे जमेल ते करावे. सुपारी मात्र नको, ती स्वतःच घातक आहे. निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या प्रौढांना उपयोगी पडतात, पण अठरा वर्षांखालील मुलांना आपल्या मनाने देऊ नयेत. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. संकोची मुलांना समोर बसून बोलण्यापेक्षा ती सोपी वाटते.

धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, खोकल्याबरोबर ताप व उलट्या असे काही व्हेप ओढणाऱ्यास झाले तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी दाखवा आणि व्हेपचे नाव घेऊन सांगा. घरात लहान मूल असेल तर तो द्रव उंच जागीही ठेवू नका, घरातच ठेवू नका. गोड वासामुळे मूल तो पिते. उलट्या, घाम, पांढरे पडणे, झटके येणे ही विषबाधेची लक्षणे असतात, आणि अशा वेळी उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता थेट रुग्णालय गाठावे.

जप्त केलेली वस्तू रागाच्या भरात चुलीत किंवा शेकोटीत टाकणारे पालक मला भेटले आहेत. तसे करू नये. आत लिथियमची बॅटरी असते, ती तापल्यावर फुटते. पोलिसांकडे द्यायची असेल तर तशीच द्यावी. नसेल तर द्रवाला हात न लावता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, मोबाइलच्या जुन्या बॅटऱ्या जेथे घेतात तेथे द्यावी.